सेवेचें वाङ्मय आणि त्यांतील मूल

प्रवासवर्णन हा मराठी वाङ्मयाचा एक जुना प्रकार, आणि परोपकारी स्त्रीपुरुषांचीं चरित्रें हा दुसरा. ह्या दोहोंच्या संयोगानें एक तिसरा लेखनप्रकार जन्मास आला आहे. त्यास आम्ही 'सेवावृत्तांत' असें नांव देतों. एखादा सुशिक्षित तरुण किंवा तरुणी स्वदेश सोडून दूर देशीं जाते. तेथें अंध, बहिऱ्या, पांगळ्या किंवा बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलांच्या संस्थेंत कांहीं आठवडे काढते. आणि घरीं परतल्यावर त्या दिवसांची हकीकत लिहिते. युरोप-अमेरिकेंतील तरुण ह्या हेतूनें आपल्याकडे कित्येक वर्षें येत आहेत. आतां आपल्या मध्यम वर्गांतील मुलेंही, शिक्षणासाठीं परदेशीं गेलीं असतां, सुटीच्या दिवसांत तिसऱ्याच एखाद्या गरीब देशांत जाऊन असें काम करतात, आणि त्यांच्या हकीकती घरोघर कौतुकानें वाचल्या जातात.

कोणी म्हणेल, सत्कृत्याच्या हकीकतीस टीकेचें माप कशास लावावें? ज्यानें आपला वेळ व पैसा खर्चून परक्या मुलाच्या तोंडीं घांस घातला, त्याच्या शैलीचे दोष काढीत बसणें हा सहृदयपणा नव्हे. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. सेवा ही पाहणाऱ्याच्या दृष्टीवर उभी असते, आणि ती दृष्टि कशी आहे हें लेखनांत जितकें उघड होतें तितकें कृतींत होत नाहीं. जो मुलाविषयीं खोटें लिहितो त्यानें तें मूल बहुधा खोटेंच पाहिलेलें असतें. आणि जें खोटें पाहिलें त्याचें खरें हित साधणें कठीण. म्हणून ह्या लेखनाची परीक्षा ही केवळ भाषेची परीक्षा राहत नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: बहुतेक सेवावृत्तांतांत मूल दिसतें, पण भेटत नाहीं.

ह्या लेखनाचा उगम शोधूं गेल्यास फार दूर जावें लागत नाहीं. महाराष्ट्रांत त्याचें एक जुनें पीठ म्हणजे अहमदनगर. ज्या जिल्ह्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें तोच हा जिल्हा. १८३१ च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरांत येऊन राहिले. त्यांस पाठविणारें मंडळ बॉस्टन शहरीं होतें, आणि त्या मंडळाचें 'मिशनरी हेरल्ड' नांवाचें मासिक होतें. परदेशांतून येणारीं मिशनऱ्यांचीं पत्रें त्या मासिकांत छापलीं जात. तीं वाचून अमेरिकेंतील भाविक कुटुंबें वर्गणी देत. आणि त्या वर्गणीवर येथल्या शाळा चालत. आमच्या मतें ह्या लेखनप्रकाराची घडण समजून घेण्यास ही एवढी गोष्ट पुरे आहे. वर्गणीदारासाठीं लिहिलेल्या पत्रास दोन ओझीं वाहावीं लागतात. अंधार इतका दाखवावा लागतो, कीं मदतीची गरज पटावी. आणि उजेड इतका दाखवावा लागतो, कीं दिलेली मदत फुकट गेली नाहीं असें वाटावें. म्हणून पत्राच्या आरंभीं मूल दीन असतें व शेवटीं कृतज्ञ असतें. मधला सगळा काळ, ज्यांत मूल रुसतें, लबाडी करतें, बेरजेंत चुकतें, शिक्षिकेची पाठीमागें नक्कल करतें, तो काळ त्या पत्रांत मावत नाहीं. आणि बाल्य म्हणजे तर तोच काळ.

ह्याचा अर्थ तीं माणसें उथळ होतीं असा कोणी करूं नये. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्यें मुंबईस आली, १८३९ मध्यें नगरास गेली आणि १८६२ मध्यें तेथेंच वारली. तेवीस वर्षें तिनें नगरांत मुलींच्या शिक्षणाचें काम केलें. जोतीराव फुले यांनीं नगरास जाऊन तिच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ मध्यें त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. फॅरारबाईच्या कामाचें मोठें फळ बॉस्टनला गेलेल्या एखाद्या पत्रांत शोधून सांपडणार नाहीं. तें पुण्याच्या त्या शाळेंत आहे. पाहुणीचें काम यजमानानें पाहिलें, आपलें म्हणून उचललें आणि आपल्या रीतीनें पुढें नेलें. परक्या देशांत केलेल्या सेवेचें ह्याहून चांगलें पर्यवसान आम्हांस ठाऊक नाहीं.

त्याच नगरांत १८४२ मध्यें 'ज्ञानोदय' निघालें. धर्ममतांचा वाद क्षणभर बाजूस ठेवला, तर टीकाकाराच्या दृष्टीनें त्या पत्राची एक गोष्ट मोलाची आहे. तें पत्र येथल्या लोकांसाठीं होतें. ज्या मुलाविषयीं लिहावयाचें त्याचा बाप, मामा किंवा शेजारी उद्यां तें वाचील, आणि वाटेंत गांठून जाब विचारील, ही जाणीव असली कीं लेखणी आपोआप सावध होते. बॉस्टनच्या वाचकास नगरचें मूल कधींच भेटणार नव्हतें. त्यामुळें त्याच्यासमोर तें कोणत्याही रंगांत उभें करतां येत होतें. ज्याच्याविषयीं लिहिलें त्यास तें वाचतां येईल काय, हा आमच्या मतें सेवावृत्तांताचा पहिला प्रश्न. आजचे परदेशी तरुण आपल्या भाषेंत आपल्या मित्रांसाठीं लिहितात. साधनें बदललीं, वर्गणीदाराच्या जागीं आप्तेष्ट आले, परंतु पत्राची दिशा तीच राहिली आहे.

१८९९-१९०० च्या दुष्काळांत ह्या पत्रास चित्राची जोड मिळाली. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' ह्या पत्रानें दुष्काळपीडितांचीं छायाचित्रें छापून निधि गोळा केला, आणि १९०० मध्यें मक्यानें भरलेलें 'क्विटो' नांवाचें जहाज मुंबईस येऊन पोंचलें. त्या धान्यानें माणसें जगलीं. तो उपकार नाकारणें हा कृतघ्नपणा होईल. पण त्या चित्रांनीं एक वाईट वळणही पाडून ठेवलें. चित्रांतील मुलास नांव नसतें, गांव नसतें, आई नसते. फक्त बरगड्या असतात. पुढें दुष्काळ सरला तरी चित्राचें तें वळण सरलें नाहीं, आणि उपाशी मुलाची रिकामी झालेली जागा पांगळ्या मुलास मिळाली. आपल्याकडे अशा मुलास पूर्वी 'अपंग' म्हणत, आतां सरकारी भाषेंत 'दिव्यांग' म्हणतात. जातीचें नांव सुधारलें, परंतु वृत्तांतांतील त्या एका मुलास अजून स्वतःचें नांव मिळालेलें नाहीं.

आतां आजच्या सेवावृत्तांताची चाल पाहूं. हे वृत्तांत ज्यानें चार वाचले त्यास पांचवा न वाचतां सांगतां यावा, इतकी ती ठरलेली आहे. प्रथम प्रवास; धूळ, उकाडा, गर्दी. मग संस्थेच्या दारांत बसलेला धक्का. मग पहिल्याच दिवशीं कोणी एक मूल धांवत येऊन गळ्यास मिठी मारतें, आणि लेखकाचे डोळे भरून येतात. मग बोध: 'मी शिकवावयास गेलों होतों, परंतु त्यांनींच मला शिकविलें.' शेवटीं निरोप, अश्रु आणि पुन्हां येण्याचें वचन. ह्या पांच मुक्कामांपैकीं तिसरा, म्हणजे मिठीचा, हा वृत्तांताचा कळस असतो. तेथेंच वाचक विरघळतो. म्हणून त्याचीच परीक्षा अधिक कसोशीनें केली पाहिजे.

जें मूल सुखानें वाढलें तें परक्या माणसास प्रथम पाहतांच आईच्या पदराआड लपतें. आपल्या घरांतील कोणत्याही दोन वर्षांच्या मुलाकडे पाहिलें असतां हें कळेल. जें मूल कोणाही अनोळखी माणसाच्या गळ्यांत तत्काळ पडतें, त्याविषयीं बालमानसशास्त्राचें मत निराळें आहे. जॉन बोल्बी ह्या इंग्रज मनोवैद्यानें १९५१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत असें प्रतिपादन केलें, कीं लहान मुलास आई किंवा आईच्या जागीं कायम असणारें एक माणूस ह्यांचा अखंड, उबदार सहवास हा अन्नाइतकाच आवश्यक असतो. पुढें रुमानियांत ह्या मताची दारुण प्रचीति आली. १९८९ च्या डिसेंबरांत तेथील राजवट कोसळली, आणि अनाथ व अपंग मुलांनीं भरलेल्या सरकारी संस्थांचीं दृश्यें जगापुढें आलीं. पश्चिम युरोपांतून व अमेरिकेंतून स्वयंसेवकांची रीघ लागली. त्यांतील पुष्कळांनीं खरोखर घाण उपसली, मुलांस न्हाऊं घातलें, औषधें दिलीं. तें काम त्या वेळीं कोणी तरी करणें अवश्य होतें. परंतु त्याच देशांत पुढें झालेला अभ्यास काय सांगतो? बुखारेस्ट येथें अमेरिकन संशोधकांनीं संस्थांतील १३६ मुलांचें निरीक्षण केलें. त्यांतील कांहीं मुलें, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें निवडून, कुटुंबांत वाढविण्यास दिलीं, आणि बाकीचीं नेहमींच्याच व्यवस्थेंत राहिलीं. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धि अधिक वाढली, आणि जीं दोन वर्षांच्या आंत गेलीं त्यांची सर्वांत अधिक. संस्थांत वाढलेल्या मुलांत, परक्या माणसाशीं भेदभाव न करतां लगट करण्याची खोड पुष्कळ आढळते, हेंही अशा अभ्यासांतून वारंवार दिसून आलें.

ह्याचा अर्थ भयंकर आहे. ज्या मिठीस वृत्तांतकार प्रेमाचा पुरावा मानतो, ती पुष्कळदां प्रेमाच्या दुष्काळाचा पुरावा असते. आणि तो दुष्काळ वाढविण्यास त्याच्यासारख्या येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांची रांग कारण होते. मूल एकाशीं जडतें तों तो जातो. दुसरा येतो, तोही जातो. दहाव्या वेळीं मूल जडण्याचें सोडून देतें, आणि मिठी मारण्यास मात्र शिकतें. येथें वाङ्मयीन दोष व नैतिक दोष एकच होतात. लेखकानें खूण वाचली, पण तिचा अर्थ उलट लावला. डिसेंबर २०१९ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मुलांच्या हक्कांविषयींच्या ठरावांत अनाथालयांशीं जोडलेल्या पर्यटनाचा व स्वयंसेवेचा धोका नमूद केला, तो उगाच नव्हे.

दुसरा एक ठरलेला उद्गार म्हणजे 'प्रेमाला भाषा लागत नाहीं'. वाक्य गोड आहे. पण बहिऱ्या मुलाच्या बाबतींत ह्याहून घातक असत्य नसेल. बहिऱ्या मुलाचें खरें दुःख ऐकूं न येणें हें तितकेंसें नाहीं; वेळीं भाषा न मिळणें हें आहे. ऐकणाऱ्या आईबापांच्या घरीं जन्मलेल्या बहिऱ्या मुलास हातवाऱ्यांची पूर्ण भाषा शिकविणारें कोणी नसेल, तर विचार करण्याचें साधनच त्याच्या हातीं उशिरा येतें. भारतीय सांकेतिक भाषेसाठीं दिल्लीस मध्यवर्ती संस्था निघावयास २०१५ साल उजाडलें, एवढें सांगितलें म्हणजे आपली हयगय ध्यानांत येईल. अशा मुलासमोर, त्याची भाषा न जाणणाऱ्या माणसानें तीन आठवडे हंसून दाखविणें, म्हणजे तहानलेल्यास पाण्याचें चित्र दाखविणें होय. आणि ज्यास ऐकूं येतें त्या नगरच्या मुलास तरी भाषा लागत नाहीं काय? त्याची पोटदुखी, त्याची थट्टा, त्याचा हट्ट, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे त्याचा नकार, हें सारें मराठींतच आहे. ज्यास मुलाचें 'नको' कळत नाहीं, त्यास त्याचें 'हो' कळलें असें मानण्यास आधार काय?

परदेशी कळकळीनें भाषेचा घोटाळा कसा होतो ह्याचें एक उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. नगरांत काम करणाऱ्या त्याच अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड बाईनें १९०० मध्यें मुंबईस अंधांची शाळा काढली. हिंदुस्थानांत इतरत्रही मिशनऱ्यांनीं व एतद्देशीय शिक्षकांनीं अशा शाळा काढल्या, आणि ठिकठिकाणीं ब्रेल लिपि येथील भाषांस आपापल्या रीतीनें लावून दिली. प्रत्येकाचा हेतु चांगला, प्रत्येकाचे श्रम खरे. पण परिणाम असा, कीं एका पद्धतीनें शिकलेल्या अंध मुलास दुसऱ्या पद्धतीनें टोंचलेलें पुस्तक वाचतां येईना. सर्व भारतीय भाषांस समान अशी 'भारती ब्रेल' १९५१ मध्यें ठरली, तेव्हां कोठें हा गोंधळ मिटूं लागला. कळकळीस परस्परांची व स्थानिकांची विचारपूस करण्याची संवय नसली, कीं तिचें ओझें शेवटीं मुलाच्या बोटांवर पडतें.

ह्याच्या उलट उदाहरण पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमाबाई हिचें. ती परदेशीं गेली ती शिकण्यासाठीं. अमेरिकेंत तिनें अंधांची लिपि शिकून घेतली, आणि पुणें जिल्ह्यांतील केडगांवच्या मुक्तिसदनांत अंध मुलींस ती शिकविण्याचें काम सुरू केलें. परदेशगमन आणि अपंग मुलांची सेवा ह्या दोन गोष्टींचा हाच आमच्या मतें निर्मळ संबंध. समुद्र ओलांडून गेली ती विद्या आणण्यास. आणि सेवा केली ती आपल्या घरीं, आपल्या भाषेंत, मरेपर्यंत.

आपल्या वाङ्मयांत सेवेचें खरें चित्रण कोठेंच नाहीं काय? आहे, आणि त्यांतील एक तर नगरच्याच मातींतलें आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. नारायण वामन टिळकांचें औदार्य अनावर होतें. मनांत आलें कीं घरांतील वस्तु उचलून द्यावी, कोणासही घरीं आणावें. लक्ष्मीबाई ह्या औदार्याची पूजा बांधीत नाहींत. त्या स्वयंपाकघरांतून त्याचा हिशेब मांडतात. देणारा देऊन मोकळा होतो, आणि भात कोणास तरी शिजवावा लागतो, हें ज्या बाईस ठाऊक आहे तिच्या लेखणींत भाबडेपणा शिरत नाहीं. त्या स्वतःस हंसतात, पतीस हंसतात, आणि ज्यांच्यावर उपकार झाले त्यांसही हंसूं देतात. ज्यास हंसतां येतें तो मनुष्य आहे असें आपण मानतों. ज्याची केवळ कींव करतां येते तो चित्रच राहतो.

दुसरें उदाहरण नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' ह्या आत्मकथनाचें. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचें शरीर लुळें पडलें, त्या मुलीनें पुढें कोल्हापुरास अपंगांसाठीं संस्था उभी केली. ह्या पुस्तकांत तिला जगण्याची वाट दाखविणारे बाबूकाका दिवाण हे स्वतः चाकाच्या खुर्चींत बसणारे गृहस्थ होते, ही गोष्ट आमच्या विषयास फार महत्त्वाची आहे. सेवावृत्तांतांत पांगळ्या मुलास चालणारा मनुष्य भेटतो, आणि मूल कृतार्थ होतें. येथें पांगळ्या मुलीस पांगळा पण स्वतंत्र मनुष्य भेटला. त्याला पाहून तिला आपलें उद्यांचें रूप दिसलें. असें दर्शन कोणत्याही देशाचा धडधाकट पाहुणा देऊं शकत नाहीं.

परदेशांतही हा विचार अपंगांनींच प्रखरपणें मांडला आहे. स्टेला यंग ही ऑस्ट्रेलियन लेखिका चाकाच्या खुर्चींत वावरे. ती पंधरा वर्षांची असतां गांवच्या एका गृहस्थानें तिला पारितोषिक देण्याचें मनांत आणलें. तेव्हां तिच्या आईबापांनीं विचारलें, हिनें विशेष असें केलें तरी काय? पुढें ती एका शाळेंत शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, तुम्ही आम्हांस स्फूर्तिदायक भाषण केव्हां देणार? चाकाच्या खुर्चींतील व्यक्ति वर्गांत शिकविण्यासाठीं येऊं शकते, हें त्या मुलास सुचेना. धडधाकटांना आपल्या दैवाबद्दल बरें वाटावें म्हणून अपंगांस मखरांत बसविण्याच्या ह्या प्रकारास तिनें जें कठोर नांव दिलें, तें येथें न उच्चारलेलें बरें. पण त्याचा मर्मार्थ आमच्या सेवावृत्तांतास तंतोतंत लागू आहे. २०१४ मध्यें ती अकालीं वारली. तिची टीका मात्र जगभर राहिली.

तर मग कोणीं कोठें जाऊंच नये काय? इव्हान इलिच ह्या मूळच्या ऑस्ट्रियन धर्मोपदेशकानें १९६८ मध्यें मेक्सिकोंतील कुएर्नावाका येथें अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सेवासंमेलनांत जवळजवळ हेंच उत्तर दिलें. पाहावयास या, डोंगर चढावयास या, शिकावयास या; मदत करावयास मात्र येऊं नका, असा त्याच्या भाषणाचा इत्यर्थ होता. यजमानांनीं बोलाविलें असतां त्यांच्याच तोंडावर इतकें स्पष्ट बोलणें सोपें नव्हतें, आणि त्याच्या बोलण्यांतील सत्य आम्ही मान्य करतों. परंतु तें पूर्ण सत्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. स्वित्झर्लंडच्या पियेर सेरेसोल यांनीं पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्यें, व्हर्दूंजवळच्या उद्ध्वस्त खेड्यांत निरनिराळ्या राष्ट्रांचे तरुण जमवून घरें बांधण्याचें काम केलें. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर ते हिंदुस्थानांत आले व खेडीं पुन्हां वसविण्यास त्यांनीं हातभार लावला. त्यांनीं घालून दिलेल्या परंपरेंतील परदेशी तरुण पुढें वरोऱ्यास बाबा आमट्यांच्या आनंदवनांत येऊन इमारती बांधण्यास राबले. ज्या आनंदवनांत पुढें अंधांची व मूकबधिरांची शाळाही निघाली, तेथें त्या तरुणांनीं मुलांचें मन मागितलें नाहीं, विटा मागितल्या. ते गेले, भिंती राहिल्या, आणि त्यांच्या जाण्यानें कोणा मुलाचें हृदय रितें झालें नाहीं.

ह्यावरून एक तारतम्य निघतें. थोड्या दिवसांच्या पाहुण्यानें असें काम करावें, कीं जें त्याच्या जाण्यानें तुटत नाहीं: भिंत बांधणें, विहीर खणणें, हिशेब लावून देणें, येथल्या शिक्षकास एखादें नवें कसब शिकविणें. जें काम माणसाच्या सातत्यावरच चालतें, जसें कीं लहानग्या मुलास जवळ घेणें, त्यास भरविणें, निजविणें, तें त्यानें करावयाचें असेल तर फॅरारबाईप्रमाणें राहण्याची तयारी ठेवावी. मधला मार्ग नाहीं. नगरांत १९८९ मध्यें सुरू झालेलें 'स्नेहालय', किंवा अंध, मूकबधिर आणि इतर अपंगांमध्यें काम करणारें 'अनामप्रेम', ह्या संस्था नगरच्या माणसांनीं काढल्या आणि तींच त्या चालवितात. परदेशी पाहुणा तेथें आला, तर तो चालत्या घरांत येतो. पाहुण्यानें पाहुण्यासारखें राहिलें, तर घराचें कांहीं बिघडत नाहीं. जेथें पाहुण्यांवरच घर चालतें, तेथें मात्र पाहुण्यांच्या सोयीसाठींच मुलें ठेवलीं जाण्याचा धोका सुरू होतो.

येथवर वाचून, 'हा उपदेश गोऱ्या लोकांस चांगला आहे' असें जर आमच्या वाचकांस वाटलें असेल, तर आमचा लेख फुकट गेला. आपल्या घरचा वाढदिवस अंधशाळेंत किंवा मूकबधिर मुलांच्या वसतिगृहांत साजरा करण्याची जी रीत आपल्या मध्यम वर्गांत पडली आहे, ती समुद्र न ओलांडतां केलेली तीच यात्रा नव्हे काय? आपण दुपारीं जातों. मुलें ओळीनें बसतात. आपल्या लेकाच्या हातून जिलेबी वाढली जाते. तीं मुलें पाठ केलेलें गाणें म्हणतात. छायाचित्र निघतें, आणि संध्याकाळच्या आंत तें शंभर घरीं पोंचतें. आपल्या लेकाचें छायाचित्र अनोळखी माणसानें असें सर्वत्र पाठविलें तर आपणांस खपेल काय? २०१५ च्या बालन्याय कायद्यानें काळजी व संरक्षण ह्यांची गरज असलेल्या मुलाची ओळख किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानें, ज्यास भारतानें २००७ मध्यें मान्यता दिली, अपंग मुलास स्वतःसंबंधींच्या बाबींत मत सांगण्याचा हक्क दिला आहे. आणि २०१६ च्या आपल्या कायद्यानें अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले. कायदा इतका पुढें गेला. आपली जिलेबी मात्र जुन्याच ताटांत आहे. आपला लेक त्या दिवशीं काय शिकतो? आपण देणारे आणि तीं घेणारीं, एवढेंच. त्याच अंध मुलाशेजारीं वर्षभर एका बांकावर बसून त्याच्याशीं भांडला असता, तर त्यास ह्याहून अधिक कळलें असतें.

सेवावृत्तांत लिहूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. तो अधिक कठीण व्हावा, एवढीच आमची मागणी आहे. लेखकानें आपल्या अश्रूंची मोजदाद कमी करावी, आणि मूल काय बोललें तें त्याच्या शब्दांत, त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या संमतीनें सांगावें. त्यानें केव्हां नकार दिला, केव्हां तें कंटाळलें, कोणत्या गोष्टीस तें हंसलें, हें आल्यावांचून मुलाचें चित्र पुरें झालें असें समजूं नये. आपण निघून गेल्यावर तें काम कोणाच्या हातीं राहिलें, हें लिहावें. आणि कोणाच्याच हातीं राहिलें नसेल, तर तेंही लिहावें. सर्वांत शेवटीं, तो लेख त्या मुलास वाचून दाखवितां येईल काय, अंध असल्यास ब्रेलमध्यें त्याच्या हातीं देतां येईल काय, हें मनाशीं विचारावें. ज्या लेखास त्या मुलासमोर उभें राहतांना लाज वाटणार नाहीं, तो लेख इतर वाचकांसमोरही खुशाल यावा. आणि अशा लेखाचें स्वागत करण्यास मराठी वाचक मागें राहणार नाहीं, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं.